नाशिकचे ब्राउनिंग पिस्तूल : एका अमेरिकन शस्त्राचा महाराष्ट्रातील प्रवास

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेले कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. या घटनेविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. कान्हेरे यांचे धैर्य, बाबाराव सावरकरांची जन्मठेप, इतकेच नव्हे तर जॅक्सन यांचा संस्कृतचा व्यासंग, या सर्वांची चर्चा होते. शस्त्राचा उल्लेख मात्र ‘ब्राउनिंग’ या एका शब्दात आटोपतो. वस्तुतः नाशिकची हत्या आणि लंडनमधील विनायक दामोदर सावरकर यांना न्यायालयात जोडणारा प्रमुख दुवा हे पिस्तूलच होते.

जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) हा अमेरिकेतील युटा प्रांतातील ऑग्डेन गावच्या बंदूक कारागिराचा मुलगा. विंचेस्टर कंपनीच्या अनेक गाजलेल्या बंदुका त्याच्याच कल्पनेतून उतरल्या. १८९७ मध्ये त्याचा बेल्जियममधील एर्स्ताल येथील कारखान्याशी करार झाला. पुढे त्याची पिस्तुले अमेरिकेत कोल्ट कंपनी, तर युरोपात हा बेल्जियन कारखाना बनवू लागला. त्यामुळे शोध अमेरिकन असूनही हे शस्त्र जगभर बेल्जियन माल म्हणूनच पोहोचले. १ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांच्यावर वापरलेले पिस्तूल मात्र कोल्टचे होते.

या पिस्तुलाचे वैशिष्ट्य त्याच्या आकारात होते. रिव्हॉल्व्हरचे फिरते, फुगीर कोठार येथे नाही. काडतुसे मुठीतील पातळ पेटीत बसतात. एक गोळी सुटताच तिच्याच धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व पुढचे नळीत चढते. ७.६५ मिलिमीटरचे काडतूस लहान, धूररहित दारूचे. कोटाच्या खिशात सहज लपणारे हे चपटे शस्त्र लष्करापेक्षा एकट्या माणसाच्या हाती अधिक परिणामकारक ठरले. १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियन गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह, २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन येथे जपानचे इतो हिरोबुमी आणि १९१४ मध्ये साराजेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांचा वध ब्राउनिंगनेच झाला. इतो यांच्या व जॅक्सन यांच्या हत्येत दोन महिन्यांचेही अंतर नाही. नाशिकची घटना केवळ स्थानिक उद्रेक मानणाऱ्या अभ्यासकांनी या कालक्रमाकडे पाहावयास हवे होते.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे भारतीयांना दुरापास्त झाले होते. अशा स्थितीत एकाच नमुन्याची वीस पिस्तुले मिळणे ही सामान्य बाब नव्हती. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालानुसार, सावरकरांनी पॅरिसमधून वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे मिळविली. इंडिया हाऊसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या सामानातील पेटीच्या चोरतळात लपवून ती मुंबईस रवाना झाली. एकाच कारखान्याचा एकसारखा माल ही क्रांतिकारकांची सोय होती, तशीच ती पोलिसांचीही सोय ठरली. कान्हेरे यांच्या हातातील पिस्तुलाचा माग मुंबईच्या बंदरातून थेट लंडनपर्यंत काढता आला.

कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मुंबईत खास न्यायाधिकरणापुढे सावरकरांना डिसेंबर १९१० मध्ये राजद्रोहाच्या कटाबद्दल एक आणि जानेवारी १९११ मध्ये जॅक्सन यांच्या हत्येस साहाय्य केल्याबद्दल दुसरी जन्मठेप झाली. पैकी दुसरी शिक्षा बव्हंशी या पिस्तुलांवर उभी होती. येथे तारखांचा मेळ बसत नाही. पिस्तुले लंडनहून निघाली १९०९ च्या आरंभी. बाबारावांना जन्मठेप झाली जून १९०९ मध्ये, आणि जॅक्सन यांच्यावरील रोष मुख्यतः त्या शिक्षेतून उद्भवला. पेटी बोटीवर चढली तेव्हा जॅक्सन यांचे नाव लक्ष्य म्हणून ठरलेले असण्याचा संभव फार थोडा.