ही भरपाई कुठून आली?

आम्ही बचत गटातल्या बायका गावोगाव पॉक्सो कायद्याची माहिती सांगतो, तेव्हा एक कुजबुज हमखास कानी येते, ‘पोरीच्या अब्रूचे पैसे घेतले.’ म्हणून आज आपण या पैशाचाच इतिहास बघू.

पूर्वी कोर्ट भरपाई देई ती मुख्यतः आरोपीकडून. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ होतं. पण आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तर लेकराच्या पदरात काय? काहीच नाही.

धावत्या रेल्वेत घरकामगार बायकांवर झालेल्या अत्याचाराचं प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे आलं. १९९४ साली कोर्टानं सांगितलं, शिक्षा होवो न होवो, पीडितेला भरपाई मिळायला हवी. हा विचार कायद्यात उतरायला पंधरा वर्षं गेली. २००९ च्या अखेरीस कलम ३५७-अ लागू झालं आणि भरपाईसाठी निधी उभारणं ही राज्य सरकारची जबाबदारी झाली.

१४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, पॉक्सो आला. तो मुलींसाठी आहे तसाच मुलग्यांसाठीही. गुन्हा नोंदला की निकालाची वाट न बघता विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत सरकारनं रक्कम द्यायची असते. २०१३ मध्ये आपल्या राज्यात मनोधैर्य योजना सुरू झाली. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना बालकांच्या प्रकरणांतही मार्गदर्शक म्हणून वापरायला सांगितली. त्या योजनेत अल्पवयीन मुलाची ८० टक्के रक्कम मुदत ठेवीत राहते. शिक्षण किंवा औषधपाण्यासाठी गरज पडली तर आधीही काढता येते.

तरीही आदेश द्यायचा राहून जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की अशा प्रकरणांत सत्र न्यायालयांनी भरपाईचा आदेश द्यायलाच हवा.

तेव्हा बायांनो, हे ध्यानात ठेवा. ही तडजोडीची रक्कम नाही. ती घेतल्यानं केस मिटत नाही, आरोपीची शिक्षा कमी होत नाही. लेकराला सुरक्षित ठेवायला सरकार कमी पडलं, म्हणून सरकारनं द्यायचं ते देणं आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथं वकीलही मोफत मिळतो. आणि पुन्हा कुणी ‘पैसे घेतले’ म्हणालं, तर गप्प बसू नका. हा सगळा इतिहास त्यांना सांगा.