थ्रेड : सही खेळाडूची, जबाबदारी कोणाची? महामारी आणि अमेरिकी कॉलेज फुटबॉल

१/
जून २०२०. अमेरिकेत कोविडच्या बळींनी एक लाखाचा आकडा ओलांडला होता. विद्यापीठांच्या वर्गखोल्या बंद होत्या आणि व्याख्याने संगणकाच्या पडद्यावर चालली होती. त्याच महिन्यात ओहायो स्टेट विद्यापीठाचे फुटबॉलपटू सरावासाठी परतले. क्रीडासंकुलात प्रवेश मिळण्याआधी त्यांना एका कागदावर सही करायची होती. त्या कागदाचे नाव होते ‘बकआय प्रतिज्ञा’.

२/
मुखपट्टी लावू, अंतर राखू, तपासणी करून घेऊ, अशी वचने त्यात होती. सर्व काळजी घेऊनही आपल्याला संसर्ग होऊ शकतो, याची कबुलीही होती. हा कायदेशीर दस्तऐवज नाही, असे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी सांगितले. टेक्सासमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा कागद मात्र सरळ ‘वेव्हर’ होता. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर हक्कसोडपत्र. सही केली, की दावा लावण्याचा हक्क सोडला.

३/
येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल, हे ध्यानात ठेवावे. अंडाकृती चेंडू, शिरस्त्राणे आणि अंगावर अंग आदळणारा खेळ. तिकडच्या विद्यापीठांची मैदाने एक लाख प्रेक्षक सामावून घेतात आणि दूरचित्रवाणीचे करार अब्जावधी डॉलरचे असतात. हा सारा डोलारा ज्यांच्या खांद्यावर उभा आहे, ती मुले अठरा ते बावीस वर्षांची. एवढ्या श्रीमंत संस्थांना या मुलांकडून असा कागद का हवा होता? उत्तरासाठी ११५ वर्षे मागे जावे लागते.

४/
१९०५ च्या हंगामात अमेरिकेत फुटबॉल खेळताना किमान १८ तरुण मृत्युमुखी पडल्याची नोंद वृत्तपत्रांनी केली. खेळावर बंदी घालण्याची मागणी होऊ लागली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ९ ऑक्टोबर १९०५ रोजी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतले. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि महाविद्यालयांची एक संघटना उभी राहिली. १९१० मध्ये तिचे नाव ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’, म्हणजेच ‘एनसीएए’ असे झाले.

५/
ही संस्था जन्मली ती खेळाडूंचे जीव वाचवण्यासाठी, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

६/
१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ याच खेळाने पाहिली. महायुद्ध आणि साथ यांच्या कात्रीत तो हंगाम आखूड झाला, अनेक सामने रद्द झाले. जॉर्जिया टेकच्या मैदानावर मुखपट्ट्या बांधून बसलेल्या प्रेक्षकांचे त्या वर्षीचे एक छायाचित्र २०२० मध्ये समाजमाध्यमांवर पुन्हा फिरले. दोन्ही साथींमधले साम्य पाहून लोक चकित झाले. पण या दोन साथींच्या मधल्या काळात कायद्याच्या दालनात जे घडले, त्याचे छायाचित्र कोणी काढले नव्हते.

७/
तो इतिहास कोलोरॅडो राज्यात सुरू होतो. १९५० मध्ये डेन्व्हर विद्यापीठाचा अर्नेस्ट नेमेथ हा खेळाडू सरावात जखमी झाला. विद्यापीठ त्याला टेनिस कोर्टाची देखभाल करण्यासाठी महिना ५० डॉलर देत असे. मात्र ते काम टिकणे फुटबॉल खेळण्यावर अवलंबून होते. १९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : नेमेथ हा कर्मचारी आहे आणि त्याला कामगार नुकसानभरपाई मिळाली पाहिजे.

८/
या निर्णयाने विद्यापीठांच्या पायाखालची जमीन हादरली. खेळाडू कर्मचारी ठरला, तर मोडलेल्या प्रत्येक हाडाची आणि गेलेल्या प्रत्येक जिवाची भरपाई संस्थेच्या माथी येणार होती. याच काळात ‘एनसीएए’ने एक जोडशब्द प्रचारात आणला आणि नियमांत सर्वत्र पेरला : ‘स्टुडंट-ॲथलीट’, विद्यार्थी-खेळाडू. या संस्थेचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले वॉल्टर बायर्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात मान्य केले, की कामगार भरपाईच्या धास्तीतूनच हा शब्द घडवला गेला.

९/
शब्दाची पहिली मोठी परीक्षा लवकरच आली. सप्टेंबर १९५५ मध्ये फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्याच कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करत नाही, मग खेळाडू त्याचा नोकर कसा, असा त्या निकालाचा आशय होता. चार वर्षांत पारडे फिरले होते.

१०/
कॅलिफोर्नियात उलट घडले, पण क्षणभरच. ऑक्टोबर १९६० मध्ये कॅल पॉली महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचे विमान कोसळून २२ जण गेले. १९६३ मध्ये तेथील अपील न्यायालयाने एका मृत खेळाडूच्या कुटुंबाच्या बाजूने कौल दिला : शिष्यवृत्ती हा खेळण्याचा मोबदलाच असू शकतो. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने कायदाच बदलला आणि अशा खेळाडूंना कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून वगळले.

११/
१९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या केंट वॉल्ड्रेपची मान सामन्यात मोडली आणि तो कायमचा पंगू झाला. भरपाईसाठीचा त्याचा कायदेशीर लढा २००० साली टेक्सासच्या अपील न्यायालयात संपला. तो कर्मचारी नव्हता, असा निर्णय झाला. दुखापत आणि अखेरचा निकाल यांत पंचवीसहून अधिक वर्षांचे अंतर होते.

१२/
एक दार मात्र किलकिले राहिले. १९८८ मध्ये गेटिसबर्ग महाविद्यालयात लॅक्रोसच्या सरावात एक खेळाडू हृदय बंद पडून कोसळला. मैदानावर ना वैद्यकीय मदतनीस होता, ना जवळपास दूरध्वनी. १९९३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने म्हटले, की ज्या खेळाडूला महाविद्यालयाने स्वतः बोलावून आपल्या संघात घेतले, त्याच्यासाठी तातडीच्या उपचारांची वाजवी तयारी ठेवणे हे त्या महाविद्यालयाचे कर्तव्य आहे. कर्मचारी नसला, तरी तो वाऱ्यावर सोडलेला नाही.

१३/
थोडक्यात, २०२० उजाडताना चित्र असे होते. खेळाडूला कामगार भरपाई नाही. निष्काळजीपणा सिद्ध करता आला, तर दिवाणी दावा लावता येईल, एवढीच वाट खुली. जून महिन्यातले कागद नेमकी तीच वाट अडवू पाहत होते. आणि मातृसंस्था? सरावात झालेल्या एका मृत्यूबाबतच्या खटल्यात ‘एनसीएए’ने २०१३ मध्ये लेखी उत्तर दिले होते, की खेळाडूंचे रक्षण करण्याचे कायदेशीर कर्तव्य आपल्यावर नाही. जीव वाचवण्यासाठी जन्मलेल्या संस्थेचे हे उत्तर होते.

१४/
धोका किती खरा होता? तरुणांना कोविड सहसा मारत नाही, हे तेव्हाही दिसत होते. पण फुटबॉलच्या आघाडीच्या फळीतले अनेक खेळाडू १३५ किलोंहून वजनदार असतात आणि लठ्ठपणा हा या आजारात ज्ञात धोका होता. वरच्या श्रेणीतले सुमारे निम्मे फुटबॉलपटू कृष्णवर्णीय आहेत आणि महामारीचा घाव त्या समाजावर अधिक खोल बसत होता. घरी वृद्ध आजी-आजोबा असलेल्या मुलाचा धोका केवळ त्याच्यापुरता नव्हता.

१५/
सर्वांत मोठी चिंता हृदयाची होती. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूंना दाह होतो, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. अशा स्थितीत कठोर व्यायाम केला, तर हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू ओढवू शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये ओहायो स्टेटच्याच डॉक्टरांनी कोविडमधून उठलेल्या २६ खेळाडूंची एमआरआय तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी चौघांत या दाहाची लक्षणे सापडली. पुढच्या वर्षी १,५९७ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा प्रमाण बरेच खाली आले : ३७ जण, म्हणजे २.३ टक्के. पण त्यांतल्या बहुतेकांना हृदयाचा कोणताही त्रास जाणवत नव्हता.

१६/
येथेच कायद्याची गाठ बसते. पाय मोडला, तर कोणत्या क्षणी, कोणत्या धडकेत, हे चित्रफितीत दिसते. विषाणू कोठे शिरला, हे कसे सिद्ध करणार? सरावात, वसतिगृहात, की किराणा दुकानात? कार्यकारणभाव सिद्ध करण्याचा भार दावेदारावर असतो. त्यातच खेळाडूने ‘धोका ओळखून मी उतरतो’ असे लिहून दिलेले असेल, तर बचावाचे अर्धे काम तो कागदच करतो. म्हणूनच प्रतिज्ञेला कायदेशीर दस्तऐवज न म्हणताही तिचा कायदेशीर उपयोग होऊ शकत होता.

१७/
अशी हक्कसोडपत्रे टिकतात का? राज्यागणिक उत्तर निराळे. व्हर्जिनियात शारीरिक इजेबाबत आगाऊ हक्क सोडून देणे न्यायालये मानत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच एका रुग्णालयाच्या खटल्यात तत्त्व मांडले होते : एक बाजू बलवान, दुसरी गरजू आणि सेवा जनहिताची असेल, तर असा करार रद्दबातल ठरू शकतो. शिष्यवृत्तीवर शिकणारा मुलगा आणि त्याचे विद्यापीठ यांत बलवान कोण, हे सांगायला नको.

१८/
पैशाचा ताण दुसऱ्या बाजूलाही होता. १२ मार्च २०२० रोजी बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली आणि ‘एनसीएए’कडून विद्यापीठांना मिळणारी ६० कोटी डॉलरची रक्कम २२.५ कोटींवर आली. फुटबॉलही बुडाले, तर त्याच्या उत्पन्नावर चालणारे पोहणे, कुस्ती, टेनिस यांचे संघ गुंडाळावे लागतील, ही भीती खरी होती. धोक्याच्या तराजूत कोणाला काय घालायचे होते, हे यावरून कळते.

१९/
वॉशिंग्टनमध्येही दोन विरुद्ध प्रयत्न झाले. सिनेटर ब्लुमेंथल आणि बुकर यांनी खेळाडूंकडून अशी हक्कसोडपत्रे घेण्यास मनाई करणारे विधेयक मांडले. रिपब्लिकन नेत्यांनी उद्योग, शाळा आणि महाविद्यालये यांना कोविडच्या दाव्यांपासून संरक्षण देणारे विधेयक आणले. दोन्ही कायदा होऊ शकली नाहीत. जॉर्जियासारख्या राज्यांनी मात्र आपापले संरक्षक कायदे केले. दाराशी ठरावीक इशारा लावला, की आत येणाऱ्याने धोका पत्करला, असे तेथे गृहीत धरले जाणार होते.

२०/
आणि खेळाडू? जूनमध्येच लॉस एंजेलिसच्या यूसीएलए संघातील ३० जणांनी एका निवेदनावर सह्या केल्या. आरोग्याच्या निर्णयांवर देखरेख करणारा, संघाशी बांधलेला नसलेला तज्ज्ञ त्यांना हवा होता. २ ऑगस्टला ‘पॅक-१२’ गटाचे खेळाडू ‘वुई आर युनायटेड’ या घोषणेखाली एकवटले. सुरक्षितता हवी, हक्कसोडपत्र नको, उत्पन्नात वाटा हवा, या त्यांच्या मागण्यांपैकी काही होत्या. तीनच दिवसांनी, ५ ऑगस्टला, ‘एनसीएए’च्या संचालक मंडळाने आदेश काढला : कोविडबाबतचे कायदेशीर हक्क सोडण्याची अट कोणत्याही खेळाडूवर घालता येणार नाही. आरोग्याच्या भीतीने जो खेळणार नाही, त्याची शिष्यवृत्तीही कायम राहील.

२१/
पण सगळेच खेळाडू माघार घेऊ इच्छीत नव्हते, हेही तितकेच खरे. ९ ऑगस्टच्या रात्री ट्रेव्हर लॉरेन्स, जस्टिन फील्ड्स आदी नामवंत खेळाडूंनी ‘वुई वॉन्ट टू प्ले’ असा पुकारा केला. त्यांनाही सर्वत्र सारखे आरोग्यनियम हवे होते आणि निवेदनाच्या शेवटी खेळाडूंची स्वतःची संघटना उभारण्याचा उल्लेख होता. खेळायचे की नाही, यावर मतभेद होते. ठरवताना आपल्याला विचारले जावे, यावर नव्हते.

२२/
११ ऑगस्टला ‘बिग टेन’ आणि ‘पॅक-१२’ या गटांनी हंगाम पुढे ढकलला. इतर बड्या गटांनी तयारी चालू ठेवली. त्याच आठवड्यांत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने चॅपेल हिल येथील पदवीचे वर्ग संसर्ग वाढल्याने आठवडाभरातच ऑनलाइन केले, मात्र त्याचा फुटबॉल संघ हंगाम खेळला. विद्यार्थी पडद्यासमोर आणि खेळाडू मैदानात : बायर्स यांच्या काळातला जोडशब्द डोळ्यांदेखत दुभंगला होता.

२३/
१६ सप्टेंबरला ‘बिग टेन’ने निर्णय फिरवला. रोजची चाचणी, हृदयाची तपासणी आणि संसर्गानंतर किमान २१ दिवस विश्रांती, अशा अटींवर खेळ सुरू झाला. देशभरात शंभराहून अधिक सामने रद्द झाले किंवा लांबले. ११ जानेवारी २०२१ रोजी अंतिम सामन्यात अलाबामाने ५२–२४ असा विजय मिळवला. हरलेला संघ ओहायो स्टेटचा होता. प्रतिज्ञेवर सही करणारी मुले शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचली होती.

२४/
पाच महिन्यांनी, जून २०२१ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ खटल्यात शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादा एकमताने फेटाळल्या. जुलै २०२४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने म्हटले, की खेळाडू केवळ हौशी म्हणवले जातात म्हणून ते कर्मचारी असूच शकत नाहीत, असे धरता येणार नाही. डेनिसनच्या पत्नीने १९५० च्या दशकात विचारलेला प्रश्न पुन्हा न्यायालयाच्या पटलावर आला.

२५/
महामारीच्या इतिहासात विषाणू, लस आणि मृत्यूंचे आकडे यांची नोंद होतेच. त्याबरोबर जून २०२० च्या त्या कागदांचीही नोंद व्हायला हवी. धोका कोणाच्या शरीराला आणि भरपाईची जबाबदारी कोणाची, हे महामारीने नव्याने ठरवले नाही. ते सुमारे सत्तर वर्षांपूर्वी एका जोडशब्दाने ठरवून ठेवले होते. महामारीत प्रथमच एवढ्या खेळाडूंनी तो कागद सही करण्याआधी वाचला.

(समाप्त)