मिठन लाम आणि घरचा कायदा

आपल्या मुलींना वकिलीबद्दल सांगताना मी मिठन लाम यांचं नाव घेतो. 1919 साली ही एकवीस वर्षांची पारशी मुलगी आई हेराबाई टाटा यांच्यासोबत लंडनला गेली, ती भारतीय स्त्रियांसाठी मताचा हक्क मागायला. पुढं तो निर्णय प्रांतांवर सोडला गेला आणि 1921 मध्ये मुंबई कौन्सिलनं हक्क दिला. मिठन लंडनलाच राहून बॅरिस्टर झाल्या; मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला वकील त्याच.

मला मोलाचं वाटतं ते यापुढचं. 1865 च्या पारशी विवाह कायद्यात बायकोचा व्यभिचार नवऱ्याला घटस्फोटासाठी पुरे होता. नवरा वेश्येकडं गेला, तर मात्र तेवढ्यावर बायकोला घटस्फोट मिळत नसे. हा कायदा सुधारणाऱ्या समितीत मिठनबाई होत्या. 1936 मध्ये तो भेद गेला. तीनच वर्षांनी, 1939 मध्ये, मुस्लिम स्त्रीला कोर्टातून निकाह मोडून घेण्याचा हक्क देणारा कायदा आला.

आज आपल्या शरई कायद्यावर सगळेच बोलतात. त्यात कायदा शिकलेल्या आपल्या मुली किती? बारावीनंतर लेक ‘एलएलबी करते’ म्हणाली, तर जालन्यातल्या अब्बांनी एवढं आठवावं.