परशुरामाचं टपाल तिकीट: 'स्मारक तिकीट' आणि 'माय स्टॅम्प' यात फरक काय?

परशुराम जयंती जवळ आली, की उदगीर असो वा चिपळूण, फोनवर एखादा फोटो येऊन पडतो. हातात परशू घेतलेले भगवान परशुराम, शेजारी 'भारत' छापलेलं तिकीट आणि खाली ओळ: 'सरकारने पहिल्यांदाच सन्मान केला!' फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटं थांबा.

परशुरामावर तिकीट आधी आलंय का?

हो. 27 जुलै 2009 रोजी टपाल खात्याने कवी जयदेव आणि त्यांच्या 'गीतगोविंद'वर 11 तिकिटांचा संच काढला. एक तिकीट जयदेवांचं, बाकी दहा दशावतारांची. परशुराम हा विष्णूचा सहावा अवतार, त्यामुळे मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन यांच्यानंतर त्याचंही तिकीट या संचात आहे. म्हणजे 'पहिल्यांदाच' हा दावा टिकत नाही.

स्मारक तिकीट म्हणजे काय?

एखादी व्यक्ती, घटना किंवा विषय यांच्या गौरवासाठी केंद्र सरकार काढतं ते स्मारक तिकीट. महात्मा बसवेश्वरांवर असं तिकीट 1967 मध्ये निघालं होतं. प्रस्ताव कुणीही पाठवू शकतं, पण तो साधारण दोन वर्षं आधी द्यावा लागतो. सल्लागार समिती त्यावर विचार करते आणि अंतिम मंजुरी केंद्रीय मंत्र्यांची असते. हयात व्यक्तीवर स्मारक तिकीट काढायचं नाही, असा नियम आहे. ही तिकिटं ठरावीक संख्येतच छापली जातात.

मग 'माय स्टॅम्प'?

ही योजना भारतात 2011 मध्ये आली. फोटो आणि ओळखपत्र देऊन काही शे रुपयांत 12 तिकिटांची शीट मिळते. तिकीट टपाल खात्याचंच असतं, तुमचा फोटो त्याला जोडून छापलेला असतो. लग्न, वाढदिवस, संस्थेचा वर्धापनदिन, कशासाठीही ती करून घेता येते. हे तिकीट खरंच असतं, पत्रावर चालतंही. पण पैसे भरून केलेली छपाई म्हणजे सरकारने केलेला गौरव नव्हे.

तिसरा प्रकार 'विशेष लिफाफा'. यात छापील पाकिटावर खास शिक्का मारतात. तिकीट मात्र आधीच निघालेलं असतं.

ओळखायचं कसं?

चित्र तिकिटाच्या आत आहे की बाजूला जोडलंय, हे बघा. स्मारक तिकिटावर विषयाचं नाव, किंमत आणि वर्ष त्याच चौकटीत असतं. प्रकाशनाची नेमकी तारीख पोस्टमध्ये नसेल, तर टपाल खात्याच्या वर्षवार यादीत शोधा.

एवढ्याशा कागदाला इतकं महत्त्व का?

उदगीरकरांना याचं उत्तर जुनंच आहे. 1948 पर्यंत उदगीर निझामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि संस्थानाची तिकिटं वेगळी होती. स्वातंत्र्यानंतर भारताने 21 नोव्हेंबर 1947 रोजी पहिलं तिकीट काढलं, त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद' होतं. उदगीर तेव्हा अजून निझामाच्याच राज्यात होतं. तिकिटावर काय छापायचं, हे राज्य ज्याचं तो ठरवतो. म्हणूनच तिकीट निघालं की समाजाला अभिमान वाटतो.

तो अभिमान जरूर बाळगा. फक्त तिकीट कोणी काढलंय, हे आधी तपासा.