मोंत्रोची आग आणि आमची बखर



स्मरणिकेसाठी लेख हवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तोवर शाळेची घंटा, स्नेहसंमेलनातली नाटकं, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं हे सगळे विषय इतरांनी वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला एक कॅसेट उरली. आमच्या १९८२च्या दहावीच्या तुकडीतल्या सात-आठ जणांना ती आठवत असेल. बाकीच्यांनी हा एका विलायती गाण्यांच्या तबकडीचा इतिहास म्हणून वाचावा. त्यात शेवटी एक दुरुस्ती आहे. ती करायला मला चाळीस वर्षं लागली.

तबकडीचं नाव ‘मशीन हेड’. गिटारच्या तारा पिळायच्या खुंट्यांना इंग्रजीत हे नाव आहे. वाजवणारे ‘डीप पर्पल’ नावाचे पाच इंग्रज तरुण. मार्च १९७२मध्ये ती प्रकाशित झाली आणि आपल्या गावात पोहोचायला तिला नऊ वर्षं लागली. पुण्याला इंजिनियरिंगच्या होस्टेलवर राहणाऱ्या माझ्या आतेभावाने कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवून घेतली, त्याच्याकडून ती मी आणली. ऐकायला यंत्र हवं, तर एका मित्राच्या वडिलांनी मस्कतहून टू-इन-वन आणला होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही त्याच्या माडीवर जमायचो. खालून त्याची आजी विचारायची, “काय रे, भांडी कोण आपटतंय?”

कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. दुसऱ्या बाजूला आतेभावाने किशोरकुमार भरून ठेवला होता. मूळ तबकडीत सात गाणी आहेत. पाच पूर्ण बसली, सहाव्या ‘लेझी’च्या मध्यावर फीत संपली आणि सातवं ‘स्पेस ट्रकिन’ आम्ही शाळेत असेपर्यंत ऐकलंच नाही. ‘लेझी’मध्ये पहिली चार मिनिटं नुसती वाद्यं वाजतात आणि गायक त्यानंतर येतो. आमची फीत नेमकी तिथेच तुटायची. त्यामुळे त्यात गाणं नाहीच, अशी आमची ठाम समजूत होती.

आमच्यातला एक जण मात्र नुसता ऐकायचा नाही. त्याने शंभर पानी वही केली होती. इंग्रजीत तो कच्चा, म्हणून जे कानावर पडेल ते देवनागरीत लिहायचा. कळलं नाही तिथे टिंबं. पुन्हा फीत मागे, पुन्हा पुढे. बाकीचे वैतागायचे.

कॅसेटवरचं पाचवं गाणं म्हणजे ‘स्मोक ऑन द वॉटर’, पाण्यावरचा धूर. ते कशावर आहे यावरून आमच्यात वाद झाला. मी छातीठोकपणे सांगितलं, “हे हिरोशिमावर आहे.” पाण्यावर धूर, आकाशात ज्वाळा, आणि मध्ये ‘जपान’ असा शब्द मला स्वच्छ ऐकू येत होता. वहीवाला म्हणाला, “जपान नाही रे, झापा म्हणतोय. कुणाचं तरी नाव आहे. आणि बॉम्ब नाही, कुठलीशी इमारत जळतेय.” मी सगळ्यांसमोर त्याच्या इंग्रजीवरून त्याला बोललो. सहामाहीत त्याला किती मार्क पडले तेही बोललो. सगळे हसले. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही. आमची मैत्री टिकली, पण माडीवरचं त्याचं येणं संपलं. हिरोशिमाची गोष्ट मात्र गावभर झाली. खालच्या वर्गातल्या मुलांनीही ती पुढे सांगितली.

आपले इतिहासाचे सर बखरी शिकवताना म्हणायचे, “बखर आवडीने वाचा, पण तारीख अस्सल कागदावर बघा.” आमची बखर तयार झाली होती. कागद मी बघितला तो फार उशिरा. १९९७ साली या तबकडीची पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती निघाली, पुढे २००२मध्ये तिच्यावर एक माहितीपट आला. त्यात ते वादक स्वतः बसून काय घडलं ते सांगतात. ते असं:

१९७१च्या शेवटी डीप पर्पलला नवी तबकडी करायची होती. स्टुडिओच्या बंद खोलीत आपला आवाज मरतो, रंगमंचावर वाजवतो तसा तो फितीवर यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी स्वित्झर्लंडमधलं जिनिव्हा सरोवराकाठचं मोंत्रो हे गाव निवडलं. तिथला कसिनो हिवाळ्यात बंद राहायचा. रिकाम्या सभागृहात वाजवायचं आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रं बसवलेला ट्रक बाहेर उभा करायचा, असा बेत. ट्रक ‘रोलिंग स्टोन्स’ या दुसऱ्या प्रसिद्ध चमूकडून भाड्याने घेतलेला. मोंत्रोच्या जॅझ महोत्सवाचा संस्थापक क्लॉड नोब्स हा त्यांचा तिथला यजमान.

कसिनो ताब्यात येण्याआधी तिथे एकच कार्यक्रम उरला होता. शनिवार, ४ डिसेंबर १९७१. वाजवणारा होता अमेरिकेचा फ्रँक झापा आणि त्याचा ‘मदर्स’ हा चमू. डीप पर्पलची मंडळी नुसती ऐकायला गेली होती. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी संकटात इशाऱ्यासाठी उडवतात तसल्या पिस्तुलातून छताकडे बार उडवला. छत पेटलं आणि बघता बघता सगळा कसिनो गेला. नोब्स आत धावला आणि अडकलेल्या पोरांना त्याने बाहेर काढलं. कुणाचा जीव गेला नाही, हे सुदैव. झापाच्या चमूची सगळी वाद्यं मात्र जळाली. डीप पर्पलच्या लोकांनी हॉटेलच्या खिडकीतून ती आग पाहिली. वाऱ्याने धूर सरोवरावर पसरत चालला होता.

तारीख वाचली आणि मी थांबलो. ३ डिसेंबरला आपलं पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं होतं. ४ तारखेच्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला. आपण तेव्हा पाच-सहा वर्षांचे. खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले खाकी कागद आणि भोंगा झाला की विझवायचा दिवा आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. आपण अंधारात बसलो होतो, त्याच दिवशी तिकडे ही आग लागली. ज्या मुलाने हिरोशिमा शोधून काढलं त्याला आपल्याच आयुष्यातली ही तारीख ठाऊक नव्हती.

पुढची हकिकत गमतीची आहे. ट्रक दाराशी उभा, दिवसाचं भाडं चढतंय आणि वाजवायला जागा नाही. नोब्सने गावातलं ‘पॅव्हिलियन’ नावाचं जुनं नाट्यगृह मिळवून दिलं. तिथे रात्री गिटारवादक रिची ब्लॅकमोरच्या एका सुरावटीवर वाद्यांचा भाग उतरवायला सुरुवात झाली. आवाजाने शेजारी जागे झाले आणि पोलीस आले. सामान वाहणाऱ्या गड्यांनी दारं आतून दाबून धरली आणि तेवढ्यात तो भाग पुरा करून घेतला. दुसऱ्या दिवशी ती जागाही गेली.

शेवटी ‘ग्रँड हॉटेल’ मिळालं. तेही हिवाळ्यासाठी बंद, थंडगार आणि रिकामं. एका बोळात त्यांनी संसार मांडला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या लावल्या. वाजवलेलं ऐकायचं तर बाहेर ट्रकपर्यंत जावं लागे, आणि ती वाट खोल्या आणि गच्च्या ओलांडून जायची. चार वेळा गेल्यावर कंटाळा आला. मग ऐकायला जायचंच त्यांनी सोडून दिलं. बरं वाटलं की पुढचं. ट्रकमध्ये मार्टिन बर्च हा तंत्रज्ञ होता, त्याच्या कानांवर सगळी भिस्त. डिसेंबरच्या २१ तारखेपर्यंत काम उरकलं.

तबकडी भरत आली तेव्हा थोडी जागा उरली. हाताशी होता तो पॅव्हिलियनमधला वाद्यांचा तुकडा, बिनशब्दांचा. आगीनंतर काही दिवसांनी बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठताना पाण्यावरच्या धुराचे ते तीन-चार शब्द पुटपुटला होता. ते शब्द घेऊन ग्लोव्हर आणि गायक इयन गिलन यांनी जे घडलं ते सरळ लिहून काढलं. गावाचं नाव, झापाचं नाव, आग, क्लॉडची धावपळ, ट्रक, शेवटचं थंड हॉटेल, सगळं आलं. उपमा नाहीत आणि तत्त्वज्ञानही नाही. सरांच्या भाषेत सांगायचं तर हा अस्सल कागद होता आणि तो आमच्या कॅसेटवरच होता. वही घेऊन बसलेल्या एकानेच तो वाचायचा प्रयत्न केला.

त्यांना स्वतःलाही या गाण्याची किंमत कळली नव्हती. गाजेल म्हणून आधी वेगळं काढलं ते ‘नेव्हर बिफोर’. ते आज फक्त निष्ठावंतांना आठवतं. तबकडी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. ऑगस्ट १९७२मध्ये ओसाका आणि टोकियोच्या कार्यक्रमांत हीच गाणी वाजली आणि त्यातून ‘मेड इन जपान’ ही दुहेरी तबकडी निघाली. म्हणजे या गाण्याचा जपानशी संबंध आहे, पण मी सांगितला तो नव्हे. १९७३ साली ‘स्मोक ऑन द वॉटर’ अमेरिकेत स्वतंत्र निघालं आणि चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याची सुरावट इतकी सोपी, की गिटार हातात घेतलेला जगातला जवळजवळ प्रत्येक पोरगा आधी तीच वाजवतो. आधी एकटी गिटार, मग झांजा आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन, मग इयन पेसचे ड्रम, सर्वांत शेवटी बास. लॉर्ड आपला ऑर्गन गिटारच्या अँप्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून तो इतका खरखरीत लागतो. तबकडीवरचं पहिलं गाणं ‘हायवे स्टार’. त्यातलं गिटारवादन ब्लॅकमोरने आधी सूर न् सूर बसवून घेतलं होतं. ते ऐकताना एका मित्राला त्याच्या सतार शिकणाऱ्या बहिणीचा रियाज आठवायचा.

एप्रिल १९९५मध्ये डीप पर्पल मुंबईत आले. ब्लॅकमोर तोवर सोडून गेला होता, बाकीचे चौघे होते. मी गेलो. भोवती सगळे माझ्याच वयाचे, ऑफिसातून थेट आलेले, टक्कल पडू लागलेले. ती सुरावट सुरू झाली आणि शेजारचा अनोळखी गृहस्थ मला म्हणाला, “आमच्या कॅसेटवर हे गाणं जरा हळू चालायचं.” मी म्हटलं, “आमच्या कॅसेटवर ‘लेझी’ अर्धंच होतं.” एवढ्यावर आमची ओळख झाली. या तबकडीवर जीव लावणाऱ्यांचं हे असंच असतं. प्रत्येकाला आपलीच खरखर आणि आपलीच तुटलेली फीत खरी वाटते. नव्या सीडीत सगळं स्वच्छ आणि पूर्ण आहे, पण ‘लेझी’ ऐकताना चौथ्या मिनिटाला माझा हात अजून कॅसेट उलटायला पुढे होतो.

तेव्हा आपण त्या पाच इंग्रजांवर प्रेम करतो की आपल्या पंधराव्या वर्षावर? मला वाटतं, दोन्ही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मनातल्या बखरीमुळे कुणावर अन्याय झाला असेल, तर कागद काढून दाखवलाच पाहिजे.

आपला वहीवाला मित्र आता नाही. त्या मुंबईच्या रात्री त्याला पत्र टाकायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. १९९७ नंतर खरं काय ते कळलं, तेव्हा तर लिहायलाच हवं होतं. तेही राहिलं. मेळाव्याची जमवाजमव सुरू झाली तेव्हा त्याच्या मुलीने आपल्या ग्रुपवर त्या वहीच्या काही पानांचे फोटो पाठवले. पाचव्या गाण्याचं पान आहे. गावाचं नाव त्याने ‘मॉन्ट्रो’ लिहिलंय, म्हणजे जवळपास बरोबर. ‘लेझी’पुढे लिहिलंय, “गाणे नाही, नुसते वाजवतात. पण शेवटी कोणीतरी श्वास घेतो.” म्हणजे तिथेही त्याला शंका आली होती. आणि समासात पेन्सिलीने, “झापा कोण? सरांना विचारणे.”

सरांना त्याने विचारलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस मी त्याच्यात ठेवलं नव्हतं. म्हणून आज सगळ्या तुकडीसमोर सांगतो: तू बरोबर होतास. जपान नव्हतं, झापा होतं. बॉम्ब नव्हता, इमारत होती. चूक माझी होती आणि मी हसलो ते तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते म्हणून.

आणखी एक, तुला आवडलं असतं असं. २०२४मध्ये ‘मशीन हेड’ची पन्नाशीची आवृत्ती निघाली. जुन्या फितींवरून ती गाणी नव्याने मिसळायचं काम ज्याच्याकडे दिलं, त्याचं नाव ड्वीझिल झापा. ज्याच्या कार्यक्रमात कसिनो जळाला, त्याचा मुलगा.

मेळाव्याच्या दिवशी संध्याकाळी मी ती आवृत्ती आणणार आहे. मस्कतवाल्याचा टू-इन-वन बंद पडलाय म्हणे, पण माडी अजून आहे. ‘लेझी’ पूर्ण ऐकू, आणि नंतर ‘स्पेस ट्रकिन’. वहीत त्या गाण्याचं पान नाही, ते आपण सगळे मिळून लिहू, देवनागरीतच.

— दहावी, १९८२ची तुकडी