सांतानचे चर्च आणि आपली तवशी

जोयड्याहून अनमोड घाट उतरून मोले, फोंडा करत तिसवाडीत गेले, की गोवा वेल्ह्याजवळ तळावली गाव लागते. लोक त्याला सांतान म्हणतात, कारण इथले चर्च सांत आनाचे, म्हणजे येशूच्या आजीचे. गोव्याला गेलो की आपण मंगेशी, शांतादुर्गा करतो, फार तर जुन्या गोव्याची मोठी चर्च पाहतो. या खेड्याकडे सहसा कोणी वळत नाही. वळावे, असे आम्हांस वाटते.

आजची इमारत १६८१ ते १६९५ या काळात उभी राहिली. काम चालू असतानाच, १६८३ मध्ये, छत्रपती संभाजी महाराजांनी तिसवाडीतलेच जुवे बेट घेतले होते. बांधकाम सुरू केले फ्रान्सिस्को द रेगो या गोमंतकीय पाद्रींनी. घाट युरोपचा, पण करविता इथला आणि राबणारे हातही इथलेच.

दर्शनी भिंत पाच मजल्यांची, दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे. आत खांबांच्या रांगा नाहीत; एकच लांब दालन, वर कमानीचे छत, कोनाड्यांच्या माथ्यावर शिंपल्यांची नक्षी. जांभ्या चिऱ्यावर बारीक कोरीव काम होत नाही, म्हणून नक्षी चुन्यात उठवायची, ही या किनाऱ्याची रीत. चिरा पाणीही पितो. गिलावा सुटला की भिंतीत ओल शिरते, फटीत पिंपळ रुजतो. अशी वास्तू टिकते ती केवळ दरसालच्या डागडुजीने.

या वैभवामागे दुखरा इतिहास आहे. पोर्तुगीज अमलात तिसवाडी, सासष्टीतली देवळे मोडली. मंगेशाला १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला न्यावे लागले. आपल्यातल्या कित्येक घराण्यांच्या कुळकथा अशाच स्थलांतरापासून सुरू होतात. ते विसरू नये. पण जे मागे राहिले, धर्म बदलून त्याच मातीत नांदले, तेही आपल्याच गावचे होते.

याची खूण २६ जुलैला दिसते. त्या सुमारास इथे तवशांचे फेस्त भरते. संतान व्हावे म्हणून जोडपी सांत आनाला तवसे वाहतात. तेच श्रावण-भाद्रपदातले तवसे आपण गणपतीच्या माटोळीला बांधतो. देव्हारे वेगळे झाले, तरी पावसाळ्याचे पहिले फळ देवाला देण्याची रीत दोन्हीकडे राहिली.

सुपा धरणात जुने सुपा बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. वास्तू गेली की तिच्याबरोबर किती आठवणी जातात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून पुढच्या खेपेस गोव्याला जाल तेव्हा अर्धा तास सांतानसाठी ठेवा, आणि मुलांना ती चुन्यातली नक्षी जवळून दाखवा.