आधी वळण, मग विचार?

प्राथमिक शाळेतील लेखनाविषयी आपल्याकडे एक मत इतके खोल रुजले आहे की ते कुणी मांडतही नाही. सगळे ते गृहीत धरून वागतात. आधी अक्षराला वळण लागावे, बाराखडी पक्की व्हावी, मग पाहून लिहिणे, मग ऐकून लिहिणे, मग धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे, आणि हे सगळे शुद्ध जमू लागले की तिसरी-चौथीत कधीतरी मुलाने स्वतःच्या मनाचे चार शब्द लिहावेत. त्याआधी मनातले लिहायला लावले तर चुका होतील, त्या अंगवळणी पडतील आणि आयुष्यभर निघणार नाहीत, ही त्यामागची भीती. माझे म्हणणे असे की शुद्ध लिहिणे आणि स्वतःचे लिहिणे पहिल्या वर्षापासून बरोबरीने चालले पाहिजे. त्यातले दुसरे लांबणीवर टाकले की पहिलेही नीट येत नाही.

पूर्वपक्षाला दुबळा करून त्याचे खंडन करण्यात अर्थ नाही. त्याच्या पाठीशी मोठी परंपरा आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळे, सारखे, मोकळे असावे, ओळी सरळ याव्यात, पानाला चहूकडून जागा सोडावी म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, इतक्या बारकाईने समर्थांनी हे सांगितले आहे. वळणदार अक्षराचा आग्रह धरणारे शिक्षक या समासाचा आधार घेतात तो उगाच नव्हे. मात्र तो समास कोणत्या कामासाठी आहे तेही पाहावे. छापखाना नव्हता तेव्हा ग्रंथ टिकायचा तो नकलेवर, आणि नकलेत पदरचे काही न घालणे हाच लेखकूचा गुण होता. पेशवाईतल्या दफ्तरांना आणि पुढे इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांना असेच हात हवे होते. कित्ता गिरवून मोडीला वळण लावण्याची शिस्त त्या कामाला योग्यच होती. तीच शिस्त आपण एका निराळ्याच कामासाठी, मुलाला आपले म्हणणे मांडता यावे यासाठी, पुढे चालू ठेवली. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच हे नेमके हेरले होते: शाळा मुलाच्या हाताला अक्षरे काढायला शिकवते, पण लिखित भाषा शिकवायची राहून जाते.

आता चूक अंगवळणी पडते या मुख्य आक्षेपाकडे वळू. दुसरीतल्या एका मुलीने असे लिहिले आहे असे धरा: ‘आमची म्हस काल येली. रेडकू काळ आहे. आई म्हनली हात लावू नको.’ वरवर पाहणाऱ्याला यात चार चुका दिसतील आणि त्या चारही सारख्याच वाटतील. पण ‘म्हस’, ‘येली’ आणि ‘म्हनली’ या लेखनाच्या चुकाच नाहीत. घरात जसे बोलतात ते तिने अक्षरशः बरोबर उतरवले आहे. ‘काळ’ ही मात्र फार मोलाची चूक आहे. तिच्या कानाला ऐकू येते ते ‘काळं’, म्हणजे शेवटी ठळक उच्चारलेला अ. प्रत्येक अक्षरात अ असतोच असे तिला शाळेनेच शिकवले. मग निराळे चिन्ह कशाला, असा तिचा हिशेब आहे. प्रमाण मराठीत शब्दाच्या शेवटचा अ उच्चारला जात नाही आणि ‘काळं’ हे गद्यात ‘काळे’ असे लिहितात, या दोन गोष्टी तिला अजून कुणी सांगितलेल्या नाहीत. आणि एक शब्द सहज नजरेतून सुटतो, तो ‘आहे’. घरी ती ‘हाय’ म्हणते. लिहिताना तिने ‘आहे’ लिहिले, कारण पुस्तकात तो शब्द वारंवार डोळ्यांखालून गेला आहे. म्हणजे प्रमाण भाषेकडे तिचा प्रवास सुरू झालेला आहे. तीन वाक्यांत एवढे समजते. श्रुतलेखनाच्या वहीतून यातले काहीच समजले नसते, कारण तिथे शब्द बाईंचे असतात.

लहान मुलांच्या अशा चुकांमागे सुसंगत तर्क असतो, हे चार्ल्स रीड या भाषाशास्त्रज्ञाने इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत १९७१ मध्येच दाखवून दिले. आपल्याकडे एनसीईआरटीच्या २०१७ च्या अध्ययन निष्पत्तींमध्येही पहिली-दुसरीच्या मुलाने चित्रे, रेघोट्या आणि स्वतः रचलेली वर्णजुळणी यांतून लिहिणे हे लेखनच मानले आहे. धोरणाच्या कागदावर जे मान्य झाले ते वर्गात पोहोचत नाही, एवढाच प्रश्न उरला आहे.

राहिला आयुष्यभराचा धोका. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार घातले. त्याआधी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मुलें’ असे लिहिणे शुद्ध होते. अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचे ठरले तेव्हा शिकलीसवरलेली प्रौढ माणसे ती वळणे हातात घट्ट बसवून मोकळी झाली होती. तरी काही वर्षांत वृत्तपत्रे, पुस्तके आणि बहुतेक लिहिणारे नव्या पद्धतीकडे वळले. पन्नाशीतल्या माणसाच्या हातातली सवय बदलते, तर सात वर्षांच्या मुलीची बदलणार नाही असे मानायला आधार कोणता?

सवय लागतेच, पण ती निराळ्या गोष्टीची. चार वर्षे दुसऱ्याची वाक्ये उतरवलेल्या मुलाच्या मनात हे पक्के बसते की लिहायचे ते आधीच कुठेतरी लिहिलेले असते आणि आपले काम ते न चुकता आणून ठेवण्याचे. चौथीत ‘माझी आई’ हा निबंध आला की ते मूल मार्गदर्शक पुस्तकाकडे वळते, बाई फळ्यावर मुद्दे देतात, आणि वर्गातल्या सगळ्यांच्या आया पहाटे उठणाऱ्या, प्रेमळ आणि कष्टाळू निघतात. ऊसतोडीला गेलेली आई, दोन पाळ्यांत काम करणारी आई, रागीट आई त्या वहीत येत नाही. मुलाला तिच्याबद्दल सांगता येत नाही असे नाही. सांगितलेले चालेल असे त्याला कधी वाटलेलेच नाही. लेखनातला आत्मविश्वास म्हणतात तो इथे मोडतो.

सांगण्यासारखे काही असले आणि ते ऐकणारा शिक्षक भेटला तर काय होते याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मुलगी. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापून आला. ज्यांना वेद पाहण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने देवालाच विचारला. शिक्षण सुरू होऊन तिला मोजकीच वर्षे झाली होती. तिच्या शिक्षकांनी अक्षर आणि व्याकरण शिकवले नसेल असे मी म्हणत नाही. पण हा निबंध वळणातून आलेला नाही. आपले जगणे लिहिण्याजोगे आहे हे तिला त्या शाळेत कळले होते.

एका उदाहरणावर सिद्धान्त उभा राहत नाही. म्हणून टॉलस्टॉयची यास्नाया पोल्याना येथील शाळा पाहावी. शेतकऱ्यांच्या मुलांनी गोष्ट लिहावी म्हणून त्याने म्हणी दिल्या. मुलांना काही जमेना. मग तो स्वतःच लिहायला बसला. मुले भोवती जमली, त्याची वाक्ये दुरुस्त करू लागली, आणि दोघे मुलगे रात्री उशिरापर्यंत गोष्ट सांगत राहिले, तो लिहून घेत राहिला. १८६२ मध्ये त्याने यावर लेख लिहिला आणि कुणी कुणाकडून लिहायला शिकावे हा प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला. यात शिक्षकाने घेण्यासारखी एक नेमकी गोष्ट आहे. अक्षर काढण्याचे ओझे त्या वेळेपुरते दुसऱ्याने उचलले तेव्हा मुलांची रचनाशक्ती मोकळी झाली. अक्षर गिरवणे आणि मजकूर रचणे ही दोन कामे आहेत. पहिले कच्चे आहे म्हणून दुसरे थांबवण्याचे कारण नाही. मुलाने सांगावे, बाईंनी फळ्यावर लिहावे, सगळ्यांनी मिळून ते वाचावे, हे पहिलीच्या पहिल्या महिन्यातही करता येते.

सर्वांत वजनदार आक्षेप अजून बाकी आहे. तो असा: मुक्त लेखनाचे कौतुक शिकलेल्या घरांना परवडते, कारण तिथे शुद्ध भाषा घरात मिळते, वस्तीवरच्या, पाड्यावरच्या मुलाला ती शाळेनेच दिली पाहिजे, नाहीतर ‘म्हस’ लिहिणारे मूल उद्याच्या स्पर्धेत मागे पडेल. हे म्हणणे मला मान्य आहे. बोलणे जसे आपोआप येते तसे लिहिणेही येईल, मुलांना फक्त मोकळे सोडा, असे सांगणाऱ्यांशी माझा तितकाच मतभेद आहे. लिहिणे आपोआप येत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये हाच मुद्दा कठोरपणे मांडला: ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्या भाषेचे नियम ज्या मुलांना घरी मिळत नाहीत, त्यांना ते उघडपणे शिकवा. पण मुलांना सुट्या कौशल्यांच्या घोकंपट्टीत अडकवा असे त्या म्हणत नाहीत. खऱ्या लेखनाच्या आतच नियम शिकवा, असे म्हणतात. अक्षराचेही तसेच. स्टीव्ह ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की हस्ताक्षर अडखळणाऱ्या पहिलीच्या मुलांना ते नीट शिकवले तर त्यांची रचनाही सुधारते. तेव्हा अक्षर रोज दहा-पंधरा मिनिटे जरूर शिकवावे. फक्त मुलाला आपल्या लेखनासाठी त्याची वाट पाहायला लावू नये.

दुरुस्ती मजकुरावर कशी करावी हे इटलीतल्या बार्बियाना या डोंगराळ खेड्यातल्या मुलांकडून शिकावे. लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूच्या शाळेतल्या, सरकारी शाळांनी नापास केलेल्या मुलांनी १९६७ मध्ये एक पुस्तक लिहिले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आपल्याला माहीत आहे. प्रत्येक विचार एका चिठ्ठीवर, मग चिठ्ठ्यांचे गठ्ठे, मग क्रम, मग एकत्र बसून नको ते शब्द काढणे. शुद्धतेचा इतका कडक आग्रह मी कुठल्याही श्रुतलेखनाच्या तासाला पाहिलेला नाही. मजकूर मुलांचा होता म्हणून त्यांनी तो सोसला. आपल्याकडेही लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला मध्यभागी ठेवले, आणि फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुलाच्या बोलीला वर्गात जागा देऊन वाचन-लेखन शिकवण्याची मांडणी केली. ही कामे डोळ्यांसमोर असताना आपण कोरे कागद पुरवून थांबलो. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने आली, आणि २०२५ मध्ये ती काढण्याचे ठरले. पाने अपेक्षेप्रमाणे वापरली गेली नाहीत याचे मला नवल वाटत नाही. त्या पानावर मुलाने काय लिहावे आणि ते कोण वाचणार, हे कुणी ठरवलेच नव्हते.

वाचणार कोण, हाच कळीचा मुद्दा आहे. मुलाची एक वही अशी असावी की जिच्यात लाल शाई येत नाही. बाईंनी मजकुराखाली मजकुराबद्दल एक वाक्य लिहावे: रेडकाचे नाव काय ठेवले? तिला पुन्हा लिहावेसे वाटेल ते या प्रश्नामुळे. मग दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला मिळून ‘काळं’ आणि ‘काळे’ शिकवावे. एका वेळी एकच गोष्ट, पण ती पक्की, आणि मुलांच्याच वाक्यांतून घेतलेली. ‘म्हनली’चा नंबर पुढच्या आठवड्यात येईल.

अनेक शिक्षकांना हे पटते, तरी ते करत नाहीत, आणि त्यांचे कारण खरे आहे. न दुरुस्त केलेली चूक वहीत दिसली की ‘वही तपासलेली नाही’ असा शेरा येतो. पालकही तेच विचारतात. शिक्षकाने मुलाच्या चुकीला धीर द्यायचा तर आधी त्याच्या डोक्यावरचा हा शेरा काढला पाहिजे. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी यांच्या शाळाभेटीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: या महिन्यात प्रत्येक मुलाने स्वतःचा किती मजकूर लिहिला, आणि शिक्षकाने त्याला काय उत्तर दिले. त्याच्याशेजारी दुसरा: त्या मजकुरातून निघालेली भाषेची कोणती एक गोष्ट वर्गाला शिकवली. यासाठी नवे पुस्तक लागत नाही, नवे प्रशिक्षणही फारसे नाही. जिल्हा परिषदेच्या एका परिपत्रकाने हे येत्या जूनपासून सुरू होऊ शकते.